गिटारवाला पुण्याला गेला, आता बँड कुणाचा?

कोल्हापुरात स्वतःची गाणी वाजवणाऱ्या रॉक बँडचं आयुष्य साधारण इंजिनिअरिंगच्या पदवीएवढं असतं. पहिल्या वर्षी पोरांची ओळख होते, दुसऱ्या वर्षी गॅदरिंगला दुसऱ्यांची गाणी वाजवून टाळ्या मिळतात, तिसऱ्या वर्षी कुणीतरी धीर करून स्वतः लिहिलेलं गाणं पुढं करतो आणि चौथ्या वर्षी कॅम्पसला कंपनी येते. गिटारवाला हिंजवडीला जातो. ड्रमरला लग्नसराईत ऑर्केस्ट्राचं काम मिळतं, तिथं रात्रीचे रोख पैसे असतात. गाणारा घरच्या दुकानात बसतो. मागं राहिलेला एखादा बेसवाला नवी पोरं गोळा करतो, जुन्याच नावानं पुन्हा उभा राहतो आणि लगेच कट्ट्यावरून निकाल येतो: "आता काय राम राहिला नाही भावा त्यात. ओरिजनल पोरं कुठं हाईत?"

हा निकाल मला मान्य नाही. माणसं बदलली म्हणून बँड खोटा ठरत नाही. जो माणूस जाताना पुढच्याला काही देऊन जातो, त्याच्या जाण्यानं बँड संपत नाही. काहीही न देता, भांडून, चॅनलचा पासवर्ड घेऊन जातो, तेव्हा संपतो. आपल्याकडे बहुतेक बँड दुसऱ्या प्रकारे संपतात, आणि त्याला त्या पोरांच्या स्वभावापेक्षा शहराची व्यवस्था जास्त जबाबदार आहे.

'ओरिजनल'चा एवढा सोस निदान या गावानं तरी धरू नये. संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले इथलेच. जन्म १८९०चा. लहानपणापासून स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गाजलेला हा मुलगा ती कंपनी सोडून बाहेर पडला आणि १९०८ साली हुबळीत त्यानं 'ललितकलादर्श' काढली. म्हणजे सुरुवातच एका फुटीतून. १९२१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. ज्या कंपनीचा मालक, मुख्य नट आणि मुख्य गायक एकच माणूस आहे, ती त्याच्या माघारी बंद पडली असती तरी कुणी बोल लावला नसता. पण बापूराव पेंढारकर कंपनीतच तयार झालेले होते. त्यांनी ती चालवली, नवी सामाजिक नाटकं आणली. १९३७ साली तेही गेले. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुन्हा उभी केली आणि स्वातंत्र्यानंतरच्या पिढीनं 'ललितकलादर्श' पाहिली ती त्यांची. त्या प्रेक्षकांनी "केशवराव नाहीत, मग ही कसली ललितकलादर्श" असं म्हणून तिकिटं परत केली नाहीत.

संगीत नाटकाचा तो काळ चाळला तर पानोपानी अशाच फाटाफुटी दिसतात. १९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, सोबत गणेशराव बोडस आणि आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे. तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. थोड्याच वर्षांत टेंबेही बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. रुसवे झाले, कर्ज झालं, उलटसुलट लिहिलं गेलं. तरी १९२१च्या जुलैत मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र 'मानापमान' केलं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. इथं मला त्या प्रयोगाची थोरवी गायची नाही, ती पुष्कळांनी गायली आहे. सांगायचं एवढंच की नट कंपनी सोडतो, नवा येतो, जुना वेगळी काढतो, हे त्या काळी धंद्याचं रोजचं अंग होतं. विश्वासघाताचा शिक्का प्रत्येक वेळी बसत नव्हता. आज चार पोरांच्या बँडमधून एक बाहेर पडला की दोघांचं बोलणं बंद होतं आणि तिसरा स्टेटस टाकतो.

याच वादावर रॉकच्या दुनियेत कोर्टाचे निकाल लागलेले आहेत. १९८० साली अमेरिकेत 'डीप पर्पल' या नावानं एक बँड फिरत होता. त्यात १९६८ सालच्या मूळ ब्रिटिश बँडचा पहिला गायक रॉड इव्हान्स होता, बाकीचे सगळे नवखे. आपल्या कट्ट्याच्या हिशेबानं 'ओरिजनल' माणूस तर होता! कोर्टानं त्यांचा नावावरचा हक्क नाकारला आणि सहा लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. कारण इव्हान्स १९६९ सालीच बाहेर पडला होता आणि त्याच्यानंतर आलेल्या माणसांनी त्या नावाला जे मोल आणलं, त्यात त्याचा वाटा नव्हता. जगभरात ज्या 'डीप पर्पल'चे चाहते आहेत ती मुळात दुसरी फळी, इव्हान्स गेल्यानंतरची. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत टिकलेला माणूस एकच, ड्रमर इयान पेस. पहिली फळी हीच खरी असा नियम लावला असता तर त्यांची सगळ्यात गाजलेली गाणी नकली ठरली असती.

आपल्या देशातलं उदाहरण 'इंडियन ओशन'चं. असीम चक्रवर्ती आणि सुस्मित सेन यांनी १९९० साली दिल्लीत सुरू केलेला बँड. राहुल राम नंतर आले, अमित किलम त्यांच्याही नंतर. २००९च्या डिसेंबरात असीमदा गेले. त्यांचा तबला आणि तो खालच्या पट्टीतून उसळून येणारा आवाज, दोन्ही एकदम गेलं. २०१३ साली सुस्मित सेन बाहेर पडले. म्हणजे गेली कित्येक वर्षं या बँडमध्ये सुरू करणाऱ्या दोघांपैकी एकही नाही, आणि बँड वाजतोय. आवाज तोच आहे का? नाही. हिमांशू जोशी असीमदांसारखे गात नाहीत आणि निखिल रावांची गिटार सुस्मित सेनांसारखी वाजत नाही. मला स्वतःला जुनी फळी जास्त आवडते. पण माझी आवड म्हणजे मालकी हक्काचा दाखला नव्हे. राहुल राम आणि अमित किलम पंधरा-वीस वर्षं त्या दोघांसोबत वाजले, मग त्यांच्या शेजारी नवी माणसं बसली. मध्ये कुठंही एका रात्रीत सगळी माणसं बदलली नाहीत.

माझी कसोटी हीच आहे. आधीच्या फळीबरोबर वाजलेलं कुणीतरी नव्या फळीत हवं आणि त्याच्याकडून ती गाणी नव्यांच्या हातात गेलेली हवीत. बापूराव पेंढारकर केशवरावांच्या कंपनीत होते, म्हणून ती 'ललितकलादर्श' राहिली. इव्हान्सच्या टोळीत त्या गाजलेल्या दुसऱ्या फळीतली अशी कडी नव्हती, म्हणून ते सोंग ठरलं. कोलकात्याच्या 'मोहिनेर घोडागुलि'नं तर आणखी वेगळी वाट काढली. सत्तरच्या दशकातला हा बँड विखुरल्यानंतर १९९५ साली गौतम चट्टोपाध्याय यांनी पुन्हा ते नाव घेतलं, पण त्या ध्वनिफितीत गायला-वाजवायला नवीन पोरांनाही घेतलं आणि नाव संपादक म्हणून लावलं. जुन्या नावाच्या वजनावर नव्यांना उभं केलं, आणि ते उघड सांगून. कोल्हापुरात एखाद्या जुन्या बँडवाल्यानं, आता चाळिशीत नोकरी-संसारात अडकलेल्यानं, असं काही का करू नये?

उलट बाजूही मला ठाऊक आहे. एकच माणूस कायम आणि बाकीचे येणारे-जाणारे, असे बँड बऱ्याचदा त्या एका माणसाची जहागीर होतात. मँचेस्टरचा 'द फॉल' १९७६ ते २०१८ चालला. मार्क ई. स्मिथ सोडून एकही माणूस आरंभापासून शेवटपर्यंत टिकला नाही, साठाहून अधिक वादक येऊन गेले. गाणी जबरदस्त, पण त्यांतल्या कित्येकांची हकीगत ऐकली तर नोकरी बरी म्हणायची वेळ येते. गाण्याची चाल चौघांनी बसवायची, नाव एकाचं लागायचं आणि वर्षभरानं तिघांना "तुम्ही काय, बदलता येता" म्हणून ऐकवायचं, हे आपल्याकडेही घडतं. माणसं बदलायला माझी हरकत नाही असं म्हणताना बदललेल्या माणसाच्या वाट्याचं काय, हे सांगितलंच पाहिजे.

तिथं कायदा वाटतो तितका परका नाही. चार जण मिळून पैसे घेऊन कार्यक्रम करतात आणि पैसे वाटून घेतात, तेव्हा कागद केला नसला तरी कायद्याच्या नजरेत ती बहुधा भागीदारीच ठरते. १९३२चा भागीदारी कायदा सांगतो की वेगळं काही ठरलं नसेल तर नफा-तोटा सगळ्यांचा सारखा. बाहेर पडलेल्या भागीदारानं स्पर्धेतला धंदा काढायला हरकत नाही, पण वेगळा करार नसेल तर जुन्या पेढीचं नाव त्याला वापरता येत नाही. बँडच्या भाषेत सांगायचं तर गिटारवाल्यानं पुण्यात खुशाल नवा बँड काढावा, नाव मागं राहणाऱ्यांचं. मला हे न्याय्य वाटतं. नावाला रोज पाणी घालणारा मागं राहिलेला असतो.

गाण्याचं मात्र वेगळं आहे, आणि सगळा घोळ इथंच होतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द लिहिणाऱ्याचा हक्क शब्दांवर, चाल बांधणाऱ्याचा चालीवर. आणि कुणाचा वाटा कुठला हे वेगळं काढताच येत नसेल तर ते संयुक्त काम. हा हक्क माणसाच्या हयातीनंतरही ६० वर्षं राहतो. बँड सोडला म्हणून तो सुटत नाही. दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखीच करावा लागतो, तोंडी "जा भावा, तुलाच दिलं" याला किंमत नाही. २०१२च्या दुरुस्तीनं तर रॉयल्टीतल्या वाट्याबाबत गीतकार-संगीतकारांची बाजू आणखी भक्कम केली. तेव्हा मागं राहिलेल्यांनी नाव ठेवावं, जुनी गाणी वाजवावीत, पण ऑनलाइन टाकलेल्या गाण्याखाली गेलेल्या पोराचं नाव काढून टाकू नये. त्याचा वाटा दरमहा सव्वा रुपया येत असला तरी तो त्याचाच.

सव्वा रुपयासाठी कशाला कागद, असं विचारणारे भेटतात. कागद पैशासाठी नाहीच. गाणी टाकायचं खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय, चॅनलचा पासवर्ड कुणाकडं आहे, रेकॉर्डिंगच्या मूळ फायली कुणाच्या लॅपटॉपमध्ये आहेत, सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेला आवाजाचा मिक्सर कुणाच्या घरी पडून आहे, ही भांडणाची खरी कारणं. नावाला ट्रेडमार्क घ्यायचा तर एका वर्गासाठी व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४५०० रुपये आहे, गिटारचा आवाज बदलणाऱ्या एका बऱ्या पेडलच्या निम्मीही नाही. पण तेही नंतरचं. आधी वहीच्या एका पानावर चौघांच्या सह्या असाव्यात: नाव कुणाकडं राहणार, कोणतं गाणं कुणी केलं, सामान कुणाचं, आणि सोडायचं असेल तर किती महिने आधी सांगायचं. त्या शेवटच्या कलमात मी एक भर घालीन. जाणाऱ्यानं येणाऱ्याला सगळी गाणी बसवून द्यायची. माझ्या कसोटीतली कडी तयार होते ती त्या दोन-तीन महिन्यांतच.

आता शहराबद्दल. इथल्या पेठांना संस्था चालवायची कला येत नाही असं कोण म्हणेल? पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा तालीम, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. पेठेपेठेतल्या या तालमी-मंडळांचे फुटबॉल संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळताहेत. मोसमाच्या तोंडावर केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनकडं, नोंदणी होते, खेळाडू इकडचे तिकडं जातात, बाहेरून आणले जातात, आणि शाहू स्टेडियमवर पेठ तरी आपल्याच संघामागं उभी असते. काल दुसऱ्या तालमीत खेळलेला पोरगा आज आपल्या जर्सीत गोल करतो तेव्हा त्याला खांद्यावर घेतात. "ओरिजनल कुठं हाय" असं तिथं कुणी विचारलं तर वेड्यात काढतील. हीच माणसं, हाच कट्टा, बँडच्या बाबतीत मात्र रक्ताचा दाखला मागतो.

फरक कशात आहे? संघ पेठेचा आहे, खेळाडूचा नाही. बूट खेळाडूचे, पण खोली, मैदानाची सोय आणि नाव तालमीचं. गणपतीतलं ढोल-ताशाचं, हलगीचं सामानही मंडळाचं असतं. वाजवणारा पोरगा नोकरीला गेला तर ढोल त्याच्याबरोबर जात नाही. बँडमध्ये बेसवाला गेला की त्याचा अॅम्प जातो, ड्रमरनं सोडलं की ड्रमसेट जातो, आणि ज्याच्या वडिलांच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये सराव चालायचा तो सटकला की जागाही जाते. मग मागं राहिलेल्यांना माणसाबरोबर सगळंच नव्यानं जमवावं लागतं. ते जमत नाही. बँड फुटतो, आणि आपण म्हणतो पोरांत एकी नव्हती.

जागेचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि त्यातली गंमत अशी की हे शहर आवाजाला घाबरणारं नाही. विसर्जनाला महाद्वार रोडवर डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात, छातीत धडधड होते, खिडक्यांची तावदानं हलतात आणि आपण "नाद खुळा" म्हणत नाचतो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा तेव्हा पोलिसांच्या यंत्रावर आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आढळते. पण पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कुणी ड्रमवर संध्याकाळी तासभर सराव करू लागला तर शेजारच्या काकू तिसऱ्या दिवशी दार वाजवतात. काकूंचं चूक नाही. त्यांच्या डोक्यावर रोज तासभर कुणी ड्रम का वाजवावा? म्हणून तर आवाज बाहेर न जाणारी, भाड्यानं तासावर मिळणारी, ड्रमसेट आणि अॅम्प आतच ठेवलेली खोली हवी. ती पोरांना स्वतः बांधणं परवडणारं नाही आणि कुण्या व्यावसायिकाला तिच्यात नफा दिसत नाही. ते काम सार्वजनिकच आहे.

शास्त्रीय संगीतासाठी या गावानं ते केलेलं आहे. १८८३ पासून देवल क्लब उभा आहे. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना इथं आणलं, आसरा दिला आणि जयपूर-अत्रौली गायकीचं एक मोठं ठाणं इथं झालं. रॉकला तसाच दरबारी आसरा मिळावा असं मी म्हणत नाही. आश्रयदाता आला की फर्माईश येते, आणि स्वतंत्र बँडचं स्वातंत्र्य संपतं ते तिथंच. तालमीकडं बोट दाखवतानाही हीच भीती खरी आहे. उद्या मंडळाच्या खोलीत सराव करणाऱ्या बँडला नगरसेवकांच्या वाढदिवसाला वाजवायला बोलावतील, आणि नाही म्हटलं तर कुलूप बदललेलं असेल. म्हणून मागणी फार लहान ठेवावी. खोली आणि सामान सार्वजनिक, ठरलेलं भाडं भरून कुणालाही. गाणी, नाव आणि माणसं पूर्ण त्यांची. कोण काय वाजवतो याची नोंदवहीत जागाच नको, फक्त वेळ आणि पैसे.

महापालिकेपुढं ही मागणी ठेवायला निमित्तही आहे. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं, आणि पुढं केशवरावांचंच नाव मिळालेलं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी जळालं. शहर हळहळलं, माणसं रडली, पुनर्बांधणीचा निधी जाहीर झाला. जुनं रूप जसंच्या तसं हवं यावर सगळ्यांचा भर आहे आणि तो योग्यच आहे, दर्शनी दगडाला हात लावू नये. पण त्याच आवारात, नाही तर महापालिकेच्या एखाद्या पडून राहिलेल्या हॉलमध्ये, दोन सराव खोल्यांना किती जागा लागते? नाटकवाल्या हौशी संस्थांनाही तालमीला जागा मिळत नाही म्हणून त्या शाळांचे वर्ग शोधत फिरतात. सकाळ-दुपार त्यांना, संध्याकाळ बँडवाल्यांना. नाटकवाले आणि रॉकवाले एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत, पण एका भाडेपावतीवर दोघांचं काम होईल.

बँडवाल्यांनी स्वतः एक गोष्ट करायला हवी. ही मागणी एकेका बँडनं केली तर अर्ज घेणारा कारकूनही हसेल, कारण सहा महिन्यांनी तो बँड असेल की नाही हे अर्जदारालाच माहीत नसतं. गावातले सगळे मिळून, सोडून गेलेले आणि पुण्या-मुंबईत पगार कमावणारे जुने धरून, एक नोंदणीकृत संस्था काढावी लागेल. पहिला ड्रमसेट त्या पुण्याच्या पगारातून यावा. गिटारवाल्यानं महिन्यातून एकदा शनिवारी एसटी पकडून यावं आणि नव्या पोराला आपली गाणी बसवून द्यावीत. खोली होईपर्यंत उद्यमनगरातली शेड आहेच, सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असतात.